मदत हवी आहे: रेड हॅटचं फुकट डेव्हलपर लायसन गिऱ्हाईकाच्या सर्वरवर चालेल का?

मंडळी, जरा सल्ला हवाय. इचलकरंजीत एका सूत व्यापाऱ्यांचं बिलिंग आणि स्टॉकचं सॉफ्टवेअर मी बघतो, पीएचपी भाषेत लिहिलेलं आणि डेटाबेस मारियाडीबी, सर्वर त्यांच्या ऑफिसातच आणि त्यावर अजून सेंटओएस ७ (रेड हॅटच्या लिनक्सवरून बनवलेली फुकट लिनक्स). त्याचे अपडेट ३० जून २०२४ ला बंद झालेत हे शेठना सांगून सांगून दमलो, आता कुठे बदलायला तयार झालेत पण खर्चाचं नाव काढलं की "चालतंय की मग" सुरू.

माझ्या लॅपटॉपवर रेड हॅटच्या पेड लिनक्सचं डेव्हलपर सबस्क्रिप्शन आहे, फुकटचं, १६ मशीनपर्यंत चालतं आणि २०२१ पासून प्रॉडक्शनला, म्हणजे रोजच्या खऱ्या कामाला, पण परवानगी आहे म्हणतात. मग त्यातलंच एक शेठच्या सर्वरला लावलं तर काय बिघडतं? पेडमध्ये पॅकेजेस वेगळी असतात का नुसते सपोर्टचे पैसे?

प्रतिसाद १:
पॅकेजेस तीच, सिक्युरिटी पॅच पण तेच. पण १६ मशीनवालं लायसन एका व्यक्तीच्या नावावर असतं, प्रॉडक्शनची मुभा पण त्या व्यक्तीच्या स्वतःच्या वापराला. शेठची पेढी ही वेगळी पार्टी झाली. रजिस्टर करताना कोणी अडवणार नाही हो, पण ते दरवर्षी तुमच्याच लॉगिनने रिन्यू करायचं, उद्या तुम्ही हे काम सोडलं तर तिकडे अपडेट बंद आणि शेठना पत्ताही नाही.

प्रतिसाद २:
२०२५ मध्ये कंपन्यांसाठी पण एक फुकट लायसन आलंय, २५ मशीनचं, ते फक्त डेव्हलपमेंट आणि टेस्टिंगला. त्याच्यावर बिलिंग चालवायचं नाही. नावं सारखी असल्यामुळे लोक घोळ घालतात.

धागाकर्ता:
बरं मग पेडच घ्यायचं तर स्टँडर्ड का प्रीमियम?

प्रतिसाद १:
स्टँडर्डला ऑफिसच्या वेळेत सपोर्ट, प्रीमियमला मोठा प्रॉब्लेम असेल तर २४ तास. त्याखाली सेल्फ सपोर्ट, त्यात तिकीटच टाकता येत नाही. आणि तुमच्या पीएचपी कोडमधला बग यातलं कोणीच काढून देणार नाही! बँक असेल, ऑडिट असेल, ओरॅकल किंवा सॅपवाला सर्टिफाइड ओएस मागत असेल तर पेड घ्या. एका पेढीच्या बिलिंगला मी तरी अल्मा ९ (रेड हॅटशी जुळणारी फुकट लिनक्स) टाकीन, पैसे लागत नाहीत, कोणाचं लॉगिन लागत नाही, २०३२ पर्यंत पॅच येणार. अल्मा १० टाकायचा विचार असेल तर आधी प्रोसेसर बघा, रेड हॅट १० ला साधारण हॅसवेल (इंटेलची २०१३ ची पिढी) किंवा त्यापुढचा लागतो, अल्माने जुन्यांसाठी वेगळी बिल्ड ठेवलीय.

प्रतिसाद ३:
लायसनचं राहू द्या, सेंटओएस ७ सोबत येणारं पीएचपी ५.४ आहे, अल्मा ९ वर सरळ ८. कोडमध्ये जुनी मायएसक्यूएल_क्वेरी वगैरे फंक्शन्स असतील तर ती पीएचपी ७ लाच काढून टाकलीत, पहिलं पानसुद्धा उघडणार नाही. शेठना खर्च सांगायचा तर हा सांगा.

धागाकर्ता:
आत्ताच सर्च मारून बघितलं, जवळजवळ प्रत्येक फाईलमध्ये आहे. अल्माचं पक्कं, टेस्टिंग माझ्या लॅपटॉपवर करतो. ही फंक्शन्स एकगठ्ठा बदलायला कोणी काही वापरलंय का, का हातानेच पीडीओमध्ये (पीएचपीतून डेटाबेसशी बोलायची नवी पद्धत) लिहित बसायचं?