मदत हवी आहे: पीएचडी आंतरराष्ट्रीय संबंधांत करू की पीस स्टडीजमध्ये (शांतता आणि संघर्षाचा अभ्यास)?

नमस्कार मंडळी,

धागा काढू की नको असं बरेच दिवस चाललं होतं, पण आता अर्ज भरायची वेळ आलीये आणि घरी हे कुणाला नीट समजावता येत नाहीये म्हणून इथे विचारते. लांबलचक होणार आहे, सांभाळून घ्या.

राज्यशास्त्रात एमए झालंय, स्पेशलायझेशन आंतरराष्ट्रीय संबंध. सध्या एका संशोधन प्रकल्पात सहायक आहे, संघर्षाच्या घटनांचा डेटा तयार करायचं काम. म्हणजे बातम्या आणि मानवाधिकारवाल्यांचे अहवाल वाचायचे आणि प्रत्येक घटनेची एक ओळ एक्सेलमध्ये टाकायची, तारीख, ठिकाण, कोण विरुद्ध कोण, किती मेले. ऐकायला सोपं वाटतं, पण बातमीत असतं "चकमकीत अनेक ठार". आता अनेक म्हणजे किती? सरकार म्हणतं सगळे बंडखोर होते, गावातले लोक म्हणतात निम्मे तर शेतकरी होते. मग कमीत कमी आकडा एका रकान्यात, जास्तीत जास्त दुसऱ्यात, आणि आपल्याला त्यातल्या त्यात पटतो तो तिसऱ्यात. त्यात "गेल्या आठवड्यात" असं मोघम लिहिलेलं असलं की तारखेचाही घोळ. आणि ह्या रकान्यांवर किती काय ठरतं बघा, स्वीडनच्या उप्साला विद्यापीठाच्या संघर्षांच्या डेटात (यूसीडीपी, ह्या क्षेत्रातल्या कुणालाही विचारा) वर्षाला लढाईत किमान २५ माणसं मेली तर सशस्त्र संघर्ष, १००० झाली की युद्ध. २४ वर थांबलं तर त्या वर्षी तिथे संघर्षच नाही, निदान यादीत तरी.

हे काम मला आवडतं, आर (आकडेवारीचं सॉफ्टवेअर) बऱ्यापैकी येतं, आकडेमोडीची भीती नाही. पण मला पुढे जे शोधायचंय ते ह्या रकान्यांत बसत नाही. करार झाला, सह्या झाल्या, फोटो निघाले, मग पळून गेलेली माणसं गावी परत येतात तेव्हा त्यांच्या जमिनीवर दुसरंच कुणीतरी नांगर फिरवत असतं, त्याचं काय होतं? कुठे ते समजुतीने मिटतं आणि कुठे त्यावरून परत बंदुका निघतात? ह्यासाठी तिथे जाऊन राहावं लागेल, भाषा शिकावी लागेल, आणि अशी कामं मला पीस स्टडीजच्या विभागांतच जास्त दिसतात.

आता अडचण. माझ्या मॅडमचं (एमएच्या गाईड) म्हणणं, पीएचडी राज्यशास्त्र विभागातून आयआरमध्येच (आंतरराष्ट्रीय संबंध) कर. त्यांचा मुद्दा असा की नोकरीच्या जाहिराती निघतात त्या आंतरराष्ट्रीय संबंध ह्या नावाने, आणि छाननी समितीत एखादा तरी कट्टर वास्तववादी (म्हणजे देशांमध्ये शेवटी सत्ता आणि ताकदच चालते असं मानणारा) बसलेला असतोच, त्याला पीस स्टडीज दिसलं की वाटतं ही मंडळी मेणबत्त्या घेऊन फिरतात, आणि अर्ज बाजूला. त्या स्वतः अशा समित्यांवर बसल्यात, त्यामुळे उडवून लावता येत नाही.

खरं तर आयआर हा विषयच मुळात शांततेपोटी जन्माला आला. पहिल्या महायुद्धानंतर १९१९ मध्ये वेल्समधल्या अ‍ॅबरिस्टविथला ह्या विषयाचं पहिलं अध्यासन निघालं, डेव्हिड डेव्हिस आणि त्यांच्या बहिणींच्या देणगीतून, युद्धात मारल्या गेलेल्या विद्यार्थ्यांच्या स्मरणार्थ. पुढे १९३६ मध्ये त्याच खुर्चीत वास्तववादी विचारांचे ई. एच. कार येऊन बसले आणि त्यांनी ह्या सगळ्या आशावादाची पार सालटी काढली! आणि ज्यांनी पीस रिसर्च उभं केलं ते कोण, तर १९५९ मध्ये ओस्लोत प्रिओ ही शांतता संशोधन संस्था काढणारे योहान गाल्टुंग गणित आणि समाजशास्त्रवाले, केनेथ बोल्डिंग अर्थशास्त्री, त्यांच्याही आधी युद्धांचे आकडे मांडत बसलेला लुईस फ्राय रिचर्डसन तर हवामानवाला. १९७३ मध्ये ब्रॅडफर्डला विभाग सुरू झाला तेव्हाचे पहिले प्राध्यापक अ‍ॅडम कर्ल मानसशास्त्र आणि शिक्षणाकडून आलेले, क्वेकर (युद्धविरोधी ख्रिस्ती पंथाचे), प्रत्यक्ष मध्यस्थी करून आलेले. म्हणजे डिग्री नव्हती तेव्हा माणसं कुठूनही येत होती आणि आता रीतसर डिग्री मिळते तर म्हणे तीच आडवी येते.

तर विचारायचंय ते असं, नावाचा खरंच इतका फरक पडतो का? आकडे आणि फिल्डवर्क दोन्ही घेऊन चाललं तर ना घर का ना घाट का होईल का? आणि पैशाचं गणित कसं बसवतात, कारण घरून पाच-सहा वर्षं सांभाळणं शक्य नाही. ह्या वाटेने गेलेलं कुणी असेल तर प्लीज लिहा.

प्रतिसाद

तुमचा प्रश्नच मला थोडा तिरका वाटला. तुम्ही धरून चाललाय की पीस स्टडीज म्हणजे फिल्डवर्क आणि आयआर म्हणजे आकडे. अहो, तुम्ही वर लिहिलेला तो २५ चा डेटा उप्सालाच्या पीस अँड कॉन्फ्लिक्ट रिसर्च विभागातूनच निघतो की! जर्नल ऑफ पीस रिसर्च १९६४ पासून निघतंय, कुठलाही ताजा अंक उघडा, रिग्रेशनची (म्हणजे संख्याशास्त्राची) टेबलं दिसतील. आणि राज्यशास्त्र विभागात राहून वर्ष वर्ष खेड्यात मुलाखती घेत बसलेले लोक मी बघितलेत. तेव्हा विभागाच्या पाटीपेक्षा गाईड बघा, आणि त्या गाईडचे मागचे विद्यार्थी आता कुठे आहेत ते बघा. विभागाच्या वेबसाईटवर बहुतेक वेळा असतं, नसेल तर सरळ ईमेल करून विचारा. उत्तर द्यायला टाळाटाळ झाली तर तेही उत्तरच.

मॅडम म्हणतात ते खोटं नाहीये. पण त्यावर तोड आहे. अमेरिकेतल्या नोट्र डेम विद्यापीठाच्या क्रॉक इन्स्टिट्यूटची पीएचडी जोड असते, पीस स्टडीज आणि सोबत राज्यशास्त्र, समाजशास्त्र, इतिहास असा एखादा जुना विषय, त्यामुळे दोन्ही जाहिरातींना अर्ज करता येतो. आणि तुमचा जमिनीचा विषय बघून लगेच आठवलं, कोलंबियात सरकार आणि फार्क बंडखोरांत झालेल्या २०१६ च्या शांतता कराराची अंमलबजावणी तपासायचं काम करारातच ह्या क्रॉकवाल्यांना दिलंय. त्यांनी अख्ख्या कराराचे ५७८ तुकडे पाडलेत, प्रत्येकापुढे सुरूच नाही, थोडं, मध्यम, पूर्ण अशी नोंद, आणि त्यासाठी माणसं प्रत्यक्ष तिथे राहून काम करत आलीत. कराराचा पहिलाच मुद्दा ग्रामीण सुधारणा आणि जमीन. म्हणजे तुमचे रकाने आणि तुमचं गाव एकाच ठिकाणी. फक्त स्पॅनिश आत्तापासून सुरू करा, मोडकंतोडकं चालणार नाही, जमिनीच्या भांडणाची मुलाखत दुभाष्यामार्फत घेतली की अर्धी हवेत जाते.

पैशाचं म्हणाल तर स्वीडन-नॉर्वेत पीएचडी ही नोकरीच असते, पगार मिळतो, स्वीडनला चार वर्षं, नॉर्वेला तीन-चार. जागा मोजक्या, अर्ज ढिगाने. अमेरिकेत सुरुवातीची दोन वर्षं कोर्सेस, मग मोठी परीक्षा, मग प्रबंध, सहा वर्षं सहज जातात, पण चांगल्या विभागात फी माफ आणि स्टायपेंड असतो. स्वतःच्या खिशातून पीएचडी करू नका, एवढं मात्र ऐकाच.

प्रतिसाद

शांततेवर पीएचडी करून जगात शांतता आली का हो कुठे? 😀

प्रतिसाद

वरच्यांना: कॅन्सरवर पीएचडी करणाऱ्यांना पण हेच विचारता का?

धागाकर्तीला: मी पीएचडी अर्धी सोडून शस्त्रसंधीवर देखरेख करणाऱ्या एका संस्थेत गेलो, त्यामुळे दुसरी बाजू सांगतो. तिथे कुणी डिग्रीचं नाव विचारत नाही. रिपोर्ट संध्याकाळपर्यंत दोन पानांत लिहून होतो का, स्थानिक भाषा येते का, चेकपोस्टवर डोकं शांत राहतं का, एवढंच बघतात. पण कॉन्ट्रॅक्ट वर्षावर्षाचं. देणगीदारांचं लक्ष दुसऱ्या युद्धाकडे वळलं की तुमचं ऑफिस बंद, मग तिथे शांतता आलेली असो नसो. फिल्डवर्कबद्दल एक, एथिक्स कमिटीची परवानगी ही फॉर्मपुरती गोष्ट समजू नका. बोलणाऱ्याचं खरं नाव वहीत नको, फोनमध्ये नको, गावाचं नावसुद्धा जपून. तुम्ही विमानात बसून निघून जाता, तो माणूस तिथेच राहतो.

धागाकर्ती

सगळ्यांचे खूप आभार, विशेषतः त्या ५७८ तुकड्यांसाठी. काल रात्री त्यांचे अहवाल उघडून बसले ते दोनलाच उठले. पाटी न बघता गाईड बघायचा हे पटलं. एक यादी केलीये, त्यात दोन पीस स्टडीजचे विभाग आहेत, एक राज्यशास्त्राचा, आणि ती जोड पीएचडी. स्पॅनिशचा ऑनलाईन क्लास पण बघितलाय.

शस्त्रसंधीवाले दादा, तुम्हाला एक विचारायचं होतं, मधल्या काळात अशा संस्थेत काम करून मग पीएचडीला गेलं तर समितीला ते अनुभव म्हणून दिसतं की गॅप म्हणून?

आणि दुसरं जरा नाजूक आहे. रेकमेंडेशन लेटर मॅडमकडूनच घ्यावं लागणार, माझं काम सगळ्यात जवळून त्यांनीच बघितलंय. पण त्यांनी नको म्हटलेल्या विभागांसाठी त्यांच्याकडेच पत्र मागायचं कसं? ईमेल करू की समोर जाऊन बोलू? समोर गेले की मी त्यांच्या हो ला हो करून परत येते.