आई-बाबांच्या क्रेडिट कार्डावर भामट्यांचे फोन : कार्डात आणि मोबाइलमध्ये नेमकं काय बदलून ठेवावं?

सायंतारा

बाबा ७२ वर्षांचे, आई ६८. दोघांच्या नावावर एकेक क्रेडिट कार्ड आहे, एकाची मर्यादा तीन लाख, दुसऱ्याची दीड लाख. वापर म्हणाल तर औषधं, किराणा, वीजबिल आणि वर्षाकाठी दोनचार रेल्वे तिकिटं. महिन्याचा खर्च पंधरा हजारांच्या वर जात नाही.

फोन मात्र रोज. ‘रिवॉर्ड पॉइंट आज रात्री बाराला संपतायत’, ‘तुमच्या कार्डावर विमा चालू झालाय, २,४९९ रुपये कापले जातील, नको असेल तर आत्ता रद्द करून देतो’, ‘लिमिट वाढवून देतो’. पूर्वी हिंदीत यायचे, आता ‘काका, जेवण झालं का’ अशा चांगल्या मराठीत येतात.

‘ओटीपी कुणाला सांगू नका’ हे दोघांना पाठ आहे, तेव्हा कृपया तेवढंच सांगू नका. मला हवंय ते असं :
१. कार्डाच्या सेटिंगमध्ये काय बंद ठेवायचं?
२. ओटीपी न सांगताही पैसे गेले असं ऐकायला येतं, ते कसं होतं?
३. गेलेच, तर पहिल्या तासात काय करायचं?

वहीखातं

पहिल्या प्रश्नापुरतं लिहितो. दुसरा आणि तिसरा जाणकार घेतीलच.

सुरुवात मर्यादेपासून करा. पंधरा हजारांच्या खर्चाला तीन लाखांचं कार्ड म्हणजे दोघांच्या पोह्यांना लग्नातलं पातेलं. बँकेला लेखी कळवून मर्यादा कमी करून घेता येते. ४०-५० हजार पुष्कळ झाले. नंतर ‘लिमिट वाढवून देतो’ असा फोन आला तर तो बँकेचा असला तरी नको, हे आधीच ठरलेलं असेल. ग्राहकाच्या संमतीशिवाय बँकेला मर्यादा वाढवता येत नाही.

त्यानंतर चालू-बंदची बटणं. रिझर्व्ह बँकेच्या आदेशामुळे मार्च २०२० पासून प्रत्येक बँकेला ही सोय द्यावी लागते. देशांतर्गत आणि आंतरराष्ट्रीय वेगळं, ऑनलाइन, दुकानातलं मशीन, एटीएम आणि टॅप वेगळं, आणि प्रत्येकाला स्वतःची मर्यादा. मोबाइल ॲपमध्ये ‘कार्ड कंट्रोल’ किंवा ‘मॅनेज कार्ड’ अशा नावाखाली सापडेल.

आंतरराष्ट्रीय पूर्ण बंद ठेवा. कारण साधं आहे : अनेक परदेशी साइटवर ओटीपी मागतच नाहीत. सोळा आकडे, मुदत आणि मागचा सीव्हीव्ही एवढ्यावर व्यवहार होतो. म्हणजे ‘मी ओटीपी मागतच नाहीये काका, फक्त कार्ड तुमच्या हातात आहे ना ते तपासतोय, मागचे तीन आकडे वाचा’ म्हणणारा माणूस ओटीपीपेक्षा मोठी गोष्ट मागतोय.

देशांतर्गत ऑनलाइन बंद ठेवून तिकीट काढताना पाच मिनिटं चालू करता येतं, पण आई-बाबांना ते जाचक वाटलं तर चालूच ठेवून मर्यादा ५,००० करा. एटीएममधून रोख काढणं बंद. क्रेडिट कार्डावर रोख काढणं तसंही महागात पडतं, पहिल्या दिवसापासून व्याज लागतं. टॅपचा (५,००० पर्यंत पिन लागत नाही तो) या फोनवाल्यांशी संबंध नाही, राहू दे चालू.

एक मेख लक्षात घ्या. ही बटणं ज्या ॲपमध्ये आहेत ते ॲप भामट्याच्या ताब्यात गेलं, तर तोच ती पुन्हा चालू करतो. म्हणून बटणांवर न थांबता मूळ मर्यादाच कमी करा म्हणालो.

आता ओटीपीबद्दल, तुम्ही नको म्हणालात तरी. ‘सांगू नका’ हे पाठ असतं, पण ‘मेसेज वाचा’ हे कुणी शिकवत नाही. मेसेज साधारण असा असतो :

‘४८,९९० रुपयांच्या व्यवहारासाठी ओटीपी ७३१५०६. व्यापारी : अमुक. कुणालाही सांगू नका.’

रक्कम आणि व्यापाऱ्याचं नाव त्यात असतं. फोनवरचा माणूस म्हणतो, ‘रद्द करण्याचा कोड आलाय तो सांगा’, आणि समोर ४८,९९० लिहिलेलं असतं. पण माणूस सहा आकड्यांकडे बघतो, रकमेकडे नाही. फोनवर बोलणाऱ्या माणसाला ओटीपी सांगून कुठलाच व्यवहार रद्द होत नाही. विमा, पॉइंट, दंड, काहीही असो. आई-बाबांना हे एकच वाक्य द्या, कारण ‘सांगू नका’ला अपवाद सुचतात आणि भामटा नेमका अपवादच घेऊन येतो.

आणि हो, त्याने कार्डाचे पहिले सहा आकडे धडाधड म्हणून दाखवले तर बिचकू नका. ते आकडे बँकेचे आणि कार्डाच्या प्रकाराचे असतात, त्याच प्रकारच्या हजारो कार्डांवर तेच. शेवटचे चार दुकानाच्या पावतीवर छापलेले असतात.

तारायंत्र

दुसरा प्रश्न. ‘मी ओटीपी सांगितलाच नाही’ म्हणणारी माणसं बहुतेक वेळा खरंच बोलत असतात. वाटा अशा :

स्क्रीन दाखवणं. एनीडेस्क, क्विकसपोर्ट ही मुळात दुरून संगणक दुरुस्त करणाऱ्यांची साधनं. भामटा ती टाकायला सांगतो आणि त्यातला नऊ-दहा आकडी कोड मागतो. हा कोड ओटीपी नव्हे, म्हणून माणूस बिनदिक्कत सांगतो. पुढे येणारा ओटीपी स्क्रीनवर उघडा दिसतो. आता व्हॉट्सॲपच्या व्हिडिओ कॉलमध्येही स्क्रीन शेअर होते, त्यामुळे वेगळं ॲप लागेलच असंही नाही. सूचना लॉक-स्क्रीनवर पूर्ण न दिसण्याचं सेटिंग करून ठेवा, पण स्क्रीन शेअर केल्यावर त्याचा काही उपयोग नाही.

एपीके, म्हणजे अँड्रॉइडमध्ये ॲप टाकायची फाइल. ‘रिवॉर्ड’, ‘केवायसी’, ‘ई-चलान’ असल्या नावाची फाइल व्हॉट्सॲपवर येते. उघडली की अँड्रॉइड विचारतो, ‘अनोळखी स्रोतातून ॲप टाकायचं का?’ इथे ‘हो’ म्हटलं आणि पुढे एसएमएस वाचायची परवानगी दिली, की येणारा प्रत्येक ओटीपी परस्पर दुसरीकडे जातो. काही एपीके ‘ॲक्सेसिबिलिटी’ची परवानगी मागतात. ती दिली तर फोन त्यांचाच. आई-बाबांच्या फोनमध्ये सेटिंग्ज, मग ॲप्स, मग ‘अनोळखी ॲप इन्स्टॉल करणे’ (कंपनीनुसार नाव थोडं बदलतं) इथे जाऊन व्हॉट्सॲप, क्रोम आणि फाइल्स या तिन्हींची परवानगी बंद आहे ना ते बघा. प्ले प्रोटेक्ट (प्ले स्टोअरमधली ॲप तपासण्याची सोय) चालू असू द्या.

कॉल वळवणं. ‘कुरिअरवाल्याशी बोलायला हा नंबर लावा’ म्हणून *४०१* किंवा *२१* , त्यापुढे दहा आकडे असं दाबायला लावतात. त्याने तुमचे येणारे कॉल त्यांच्याकडे वळतात, आणि मग ते ओटीपी ‘कॉलवर ऐकवा’ हा पर्याय निवडतात. *#२१# दाबून स्थिती कळते, ##००२# ने सगळं वळवणं रद्द होतं. अशा * आणि # वाल्या (यूएसएसडी) कोडने कॉल वळवण्याची सोय १५ एप्रिल २०२४ पासून थांबवायला दूरसंचार विभागाने कंपन्यांना सांगितलं होतं, तरी त्यावर विसंबू नका. महिन्यातून एकदा तपासायला दहा सेकंद लागतात.

कॉल जोडणं. बोलता बोलता ‘दुसऱ्या नंबरवरून आमचे साहेब येतायत, कॉल मर्ज करा’. तो दुसरा कॉल म्हणजे ओटीपी वाचून दाखवणारं यंत्र. तिघं लाइनवर, ऐकणारा चोर.

सिम. अचानक तासभर नेटवर्कच नाही आणि शेजारच्याच्या त्याच कंपनीच्या फोनला आहे, तर भामट्याने तुमच्या नंबरचं सिम बदलून घेतल्याची शक्यता धरा आणि दुसऱ्या फोनवरून कंपनीला विचारा. आपल्या नावावर किती सिम आहेत हे दूरसंचार विभागाच्या संचार साथी पोर्टलवर दिसतं. संशयित कॉल-मेसेजची तक्रार करायची ‘चक्षू’ची सोयही तिथेच आहे.

सायंतारा

दोघांनाही धन्यवाद. एपीकेचं सेटिंग बाबांच्या फोनमध्ये तिन्ही ठिकाणी चालू निघालं!

एक शंका : १६०० ने सुरू होणारा नंबर आला तर तो खरा धरायचा का? आणि ट्रूकॉलरवर बँकेचं नाव आणि चिन्ह दिसलं तर?

तारायंत्र

ट्रूकॉलरवर दिसणाऱ्या नावाला पुरावा मानू नका. साध्या दहा आकडी नंबरला कुणीही हवं ते नाव देऊ शकतं, चिन्हाचा फोटोही लावू शकतं.

१६०० ही मालिका बँकांच्या सेवाविषयक कॉलसाठी आहे, १४० जाहिरातींसाठी. म्हणजे ‘बँकेतून बोलतोय’ म्हणणारा साध्या दहा आकडी मोबाइलवरून आला तर तिथेच ठेवून द्या. उलट बाजूने मात्र हा नियम वापरू नका. १६०० वरून आला म्हणून सीव्हीव्ही सांगायचा, असं नाही. मेसेजचंही तसंच. खरा ओटीपी दहा आकडी नंबरवरून येत नाही, अक्षरी नावावरून येतो आणि नावाच्या शेवटी डॅश देऊन एक अक्षर असतं : टी म्हणजे व्यवहार, एस सेवा, पी जाहिरात, जी सरकारी.

कस्टमर केअरचा नंबर गुगलवर शोधू नका. वरच येणारे काही नंबर भामट्यांनीच पेरलेले असतात. कार्डाच्या मागे छापलेला नंबर घ्या, आणि तो आजच दोघांच्या फोनमध्ये सेव्ह करा. कारण कार्ड हरवलं तर मागचा नंबरही कार्डाबरोबर जातो.

भटक्या_विमुक्त

एवढं घाबरायचं काय? रिझर्व्ह बँकेचा नियम आहे, तीन दिवसांत कळवलं की सगळे पैसे परत.

लवादी

@भटक्या_विमुक्त, हा गैरसमज फार महागात पडतो, म्हणून जरा सविस्तर.

नियम ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकातला. तीन कामकाजी दिवसांत कळवलं तर ग्राहकाची जबाबदारी शून्य, हे खरं, पण चूक ना बँकेची ना ग्राहकाची, मधल्या कुठल्या यंत्रणेची असेल तेव्हा. चार ते सात कामकाजी दिवस लावले तर पाच लाखांपर्यंत मर्यादेच्या क्रेडिट कार्डावर जास्तीत जास्त १०,००० ग्राहकाच्या माथी. सातनंतर बँकेच्या धोरणाप्रमाणे. बँकेचीच चूक असेल तर कळवलं-न कळवलं, जबाबदारी शून्य.

ग्राहकाने ओटीपी किंवा सीव्हीव्ही स्वतः सांगितला असेल तर हिशेब वेगळा : बँकेला कळवेपर्यंतचं सगळं नुकसान ग्राहकाचं, कळवल्यानंतरचं सगळं बँकेचं. इथे तीन दिवस वगैरे काही नाही, मिनिटं मोजायची. भामटे एक व्यवहार करून थांबत नाहीत. पहिला ४८,९९० चा झाला की पुढचा ओटीपी मागतात, ‘तो चुकला, दुसरा आलाय’. पहिल्यानंतर लगेच ब्लॉक केलं तर बाकीची मर्यादा वाचते.

म्हणून क्रम असा. आधी कार्ड ब्लॉक, ॲपमधून किंवा मागच्या नंबरवरून. ‘तुम्ही केला नसेल तर इथे कळवा’ असा मेसेज आला असेल तरी त्यातला नंबर न लावता कार्डामागचाच लावा, कारण खोटे अलर्टही अगदी तसेच असतात. तक्रार क्रमांक आणि वेळ कागदावर लिहा. कळवल्याची वेळ हाच पुढे तुमचा पुरावा.

लगेच १९३०, म्हणजे सायबर फसवणुकीची सरकारी हेल्पलाइन. हाताशी ठेवायचं : कार्डाची बँक, व्यवहाराची तारीख-वेळ, रक्कम, व्यापाऱ्याचं नाव, व्यवहार क्रमांक, भामट्याचा नंबर. पैसे बऱ्याचदा आधी एखाद्या वॉलेटमध्ये नाहीतर गिफ्ट व्हाउचरमध्ये जातात. तिथे असेपर्यंत अडवता येतात, पुढे गेले की अवघड. वस्तू मागवली असेल तर ती पाठवण्याआधी त्या विक्रेत्यालाही कळवा. १९३० वर नोंद झाली की क्रमांकाचा मेसेज येतो. त्यावरून सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इनवर २४ तासांत तपशील पूर्ण करा. बरेच तक्रारदार हे काम अर्ध्यात सोडतात आणि तक्रार लोंबकळते.

एपीके टाकलं असेल तर त्याच फोनवरून हे करत बसू नका. तो विमान मोडवर टाका, दुसऱ्याचा फोन घ्या. फॅक्टरी रीसेट लगेच मारू नका, आधी चॅटचे, फाइलचे आणि कॉल यादीचे फोटो दुसऱ्या फोनने काढा.

त्यानंतर बँकेला ईमेल. फोनवरची तक्रार पुरत नाही असं नाही, पण लेखी असलेलं बरं. विषयात ‘अनधिकृत व्यवहार, वादग्रस्त रक्कम’ असं स्पष्ट लिहा. फसवणूक म्हणून वादात घातलेल्या रकमेवर निकाल लागेपर्यंत बँक शुल्क लावू शकत नाही. स्टेटमेंटमधली बाकीची रक्कम मात्र वेळेवर भरा. रागाच्या भरात पूर्ण बिल थांबवलं की उरलेल्यावर व्याज लागतं.

चूक ग्राहकाची होती हे सिद्ध करायची जबाबदारी बँकेवर आहे. आणि ग्राहकाची चूक असली तरी बँक स्वतःच्या अधिकारात नुकसान माफ करू शकते, असंही त्याच परिपत्रकात आहे. मागायला काय जातं. ३० दिवसांत उत्तर नाही किंवा उत्तर पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार, विनाशुल्क. आधी बँकेकडे केलेली लेखी तक्रार नसेल तर तिथे दाद लागत नाही, म्हणून तो ईमेल.

वहीखातं

@लवादी, +१. एक राहिलं. काही वेळा भामटा ॲपमधून ‘कार्डावर कर्ज’ काढतो. ती रक्कम ग्राहकाच्याच बचत खात्यात येते. मग फोन : ‘चुकून जमा झाले, या यूपीआयवर परत पाठवा’. खात्यात अनपेक्षित मोठी रक्कम दिसली तर पाठवू नका, शाखेत जा.

सायंतारा

बाबांची मर्यादा ४० हजार करायचा अर्ज दिला. आंतरराष्ट्रीय आणि रोख दोन्ही कार्डांवर बंद. ऑनलाइन बंद ठेवलं तर वीजबिलाचं ऑटो-पे अडकेल का?

वहीखातं

बँकेबँकेवर आहे. काहींकडे जातं, काहींकडे नाकारलं जातं. बिलाच्या तारखेच्या दोन दिवस आधी चालू करून बघा, किंवा ऑनलाइन चालू ठेवून मर्यादा नेहमीच्या बिलापेक्षा पाचशेने जास्त ठेवा. उन्हाळ्यात बिल वाढतं, तेव्हा एप्रिलात ती बदलायला विसरू नका.