राणीची बाग, पण उन्हाच्या वेळा पाहून

मे महिन्यात मुलांना घेऊन भायखळ्याच्या राणीच्या बागेत जाणे ही शिक्षाच आहे, असे काही जण म्हणतात; ते मत मला अर्धेच पटते. आमचा अनुभव असा की, सकाळी साडेनऊला दार उघडताच आत शिरावे, वाघ-बिबट्यांचे पिंजरे आधी पाहावेत आणि ऊन चढू लागले की पेंग्विनांच्या वातानुकूलित दालनाकडे वळावे. मुळात हे हम्बोल्ट पेंग्विन पेरू-चिलीच्या किनाऱ्यावरचे, त्यांना बर्फ लागतो हा आपलाच गैरसमज.

मात्र ही बाग प्राण्यांइतकीच झाडांचीही आहे, हे आपण विसरतो. दोन माणसांच्या कवेत न मावणारी गोरखचिंच, थेट खोडाला फुले येणारा कैलासपती आणि दुर्मीळ उर्वशी यांच्या सावलीत आमच्या नातवंडांचा तास सहज गेला. पिंजऱ्यांपुढे तेवढा गेला नाही. दुपारी शेजारच्या, १८७२ साली खुल्या झालेल्या डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयात जावे आणि त्याच्या आवारातला, घारापुरीहून आणलेला दगडी हत्ती चुकवू नये. बुधवारी मात्र दोन्ही ठिकाणे बंद असतात. आम्ही एकदा ठाण्याहून येऊन बंद दाराचे दर्शन घेतले आहे.