हमार्तिया: दोष, प्रमाद की नुसती चूक? (संदर्भ: राजा ईडिपस)

ओसरी
आमच्या वाचनगटात पुढच्या महिन्यात सोफोक्लिसचं 'राजा ईडिपस' मोठ्यानं वाचायचं ठरलंय. बाराजण आहोत, त्यातल्या आठजणांनी ग्रीक नाटक कधीच वाचलेलं नाही. म्हणून पात्रं आणि कथानक समजावून सांगणारी दोन पानं लिहायचं काम माझ्याकडे आलं.

कथानक लिहून झालं. थीब्ज नगरीत साथ पसरलेली. देल्फीच्या देवळातून कौल येतो की आधीचा राजा लेयस याच्या खुन्याला हाकलून द्या. ईडिपस भर लोकांत त्या अज्ञात खुन्याला शाप देतो. आंधळा द्रष्टा टायरेसियस आधी गप्प राहतो, मग चिडून म्हणतो, खुनी तूच. पुढे एकेका साक्षीतून उघड होत जातं की लेयस हा ईडिपसचा बाप आणि राणी जोकास्टा ही त्याची आई.

अडलं ते एका वाक्यापाशी. मी लिहिलं होतं, "ईडिपसचा स्वभावदोष त्याच्या नाशाला कारण होतो." कॉलेजात पेपरात असंच लिहिलं होतं. गटातल्या एका निवृत्त शिक्षिकाबाईंनी 'स्वभावदोष'खाली रेघ मारून समासात एकच शब्द लिहिला: "कोणता?" दोन दिवस झाले, मला उत्तर देता येत नाहीये. ॲरिस्टॉटल नायकाच्या नाशाचं जे कारण सांगतो, त्या 'हमार्तिया'ला तुम्ही मराठीत काय म्हणता?

मोडी
प्रमाद. दुसरा शब्द नको. ॲरिस्टॉटल 'पोएटिक्स' या नाट्यविषयक ग्रंथाच्या तेराव्या प्रकरणात सांगतो की अशा नाटकाचा नायक फार सज्जनही नसतो आणि दुष्टही नसतो, दुष्टपणामुळे नव्हे तर एखाद्या मोठ्या हमार्तियामुळे तो कोसळतो. उदाहरण म्हणून त्यानं ईडिपसचंच नाव घेतलंय. दुर्गुण त्यानं तिथंच बाजूला ठेवला आहे. बाईंनी रेघ मारली ते योग्यच केलं.

आणि त्या दोन पानांत 'शोकांतिका' लिहिलं असेल तर 'शोकात्मिका' करा. सोफोक्लिसच्याच 'फिलोक्टेटिस'चा शेवट शोकात होत नाही, तरी ग्रीकांच्या लेखी ते याच जातीचं नाटक.

शुक्रतारा
स्वभावदोष नाही कसा? राग! रस्त्यात रथवाल्यानं बाजूला ढकललं म्हणून हा माणूस एका म्हाताऱ्याला आणि त्याच्या नोकरांना ठार मारतो. टायरेसियसवर ओरडतो, मेहुणा क्रेऑन याला मारून टाकायला निघतो. जोकास्टा हात जोडून विनवते की आता पुढे शोधू नकोस, तरी ऐकत नाही. एवढा रागीट आणि हट्टी माणूस असताना स्वभावाला सोडून द्यायचं?

ओसरी
शुक्रतारा, मीही आधी हेच म्हटलं. पण बाईंनी फोनवर विचारलं, की रागावला नसता तर काय झालं असतं? त्या म्हाताऱ्यानं आधी त्याच्या डोक्यात पराणी हाणली होती. हा एकटा, ते अनेक. आणि आईशी लग्न काही रागातून झालेलं नाही. स्फिंक्स या राक्षसिणीचं कोडं सोडवून नगर वाचवलं म्हणून राज्य आणि राणी मिळाली. हट्टाचं म्हणाल, तर राजानं साथीचं कारण शोधू नये? त्यानं शोध थांबवला असता तर थीब्ज मेलं असतं. दोष म्हणावं अशी प्रत्येक गोष्ट त्याचा गुणही आहे.

जुनी पेटी
'प्रमाद'बद्दल माझी हरकत आहे, मोडी. शब्द फार सुंदर आहे, पण त्यात 'मद्' आहे. भान सुटणं, बेसावध असणं. धम्मपदात "पमादो मच्चुनो पदं" (प्रमाद ही मृत्यूची वाट) आहे ते याच अर्थानं. आता ईडिपस बेसावध आहे का? नाटकात त्याच्याइतका सावध माणूस दुसरा नाही. प्रत्येक साक्षीदाराला उलटसुलट विचारतो.

'प्रमाद' जर कुणाला लागू असेल तर तो 'एकच प्याला'च्या सुधाकरला. मानी वकील, कोर्टात अपमान होतो, सनद काही काळासाठी जाते आणि ते विसरायला तळीराम हातात पेला देतो. तिथे मद आहे, अक्षरशः. आमची आई हे नाटक पाहून आली की रात्री जेवताना बाबांशी भांडायची. बाबा म्हणायचे, सुधाकरचा अहंकार त्याला नडला. आई म्हणायची, नाटकाचं नाव अहंकार नाही, 'एकच प्याला' आहे, गडकऱ्यांना माहीत होतं ते कशाबद्दल लिहितायत. एक पेला म्हणजे एक कृती, स्वभाव नाही. आईचं म्हणणं मला आजही बरोबर वाटतं. सिंधूसकट सगळं घर जातं ते त्या एका क्षणापासून.

मोडी
आईंना नमस्कार. मात्र आपल्याकडे या नाटकांकडे विकाराच्या चष्म्यातून बघायची सवय जुनी आहे. आगरकरांनी 1883 साली हॅम्लेट मराठीत आणलं तेव्हा नावच 'विकारविलसित' ठेवलं. त्यानंतर प्रत्येक नायकाला एकेक विकार चिकटवला गेला: ऑथेल्लो संशयी, मॅकबेथ महत्त्वाकांक्षी. ईडिपसला चिकटवायला काही सापडेना म्हणून राग.

दर्यावर्दी
मूळ ग्रीक क्रियापद नेमबाजीचं आहे. हमार्तानेइन म्हणजे नेम चुकणं. होमरच्या इलियडमध्ये भाला फेकला आणि लागला नाही की हेच क्रियापद येतं. मग मराठीत 'चूक' सरळसरळ समोर असताना संस्कृतात का शिरायचं? आपलं 'चुकणं' नुसतं गणित चुकणं नाही. नेम चुकतो, वाट चुकते, गाडी चुकते, रानात गेलेलं वासरू चुकतं.

आणि आणखी एक अर्थ आहे, तो तर या नाटकासाठीच घडवल्यासारखा आहे. "होणारं चुकत नाही." माझी आजी हे दिवसातून दोनदा म्हणायची. लेयस आणि जोकास्टा भविष्य चुकवायला पोराचे घोटे टोचून त्याला डोंगरात टाकायला देतात. पोर वाचतं, कॉरिंथच्या राजाकडे वाढतं. मोठं झाल्यावर मेजवानीत एक दारू प्यालेला पाहुणा बोलून जातो की तू या बापाचा नव्हेस. ईडिपस देल्फीला जातो, तिथे ऐकतो की तू बापाला मारशील आणि आईशी लग्न करशील. ते चुकवायला तो कॉरिंथला परत जात नाही, दुसरी वाट धरतो, आणि त्या वाटेवर बाप भेटतो. चुकवायला गेला आणि तिथेच चुकला. हे वाक्य 'प्रमाद' घेऊन करून दाखवा.

मोडी
'चूक' शाळेच्या वहीतला शब्द आहे. लाल पेनानं फुली मारली की चूक. आपला बाप कोण आणि आई कोण हे कळल्यावर स्वतःचे डोळे फोडणाऱ्या माणसाबद्दल "त्याची चूक झाली" म्हणायचं? शब्दाला वजन लागतं. सगळं बोलीत आणलं की गांभीर्य उरत नाही.

नेमबाजीच हवी असेल तर संस्कृतात ती आहे, आणि अचूक आहे. 'अपराध'. अमरकोशात "अपराद्धपृषत्कोऽसौ लक्ष्याद्यश्च्युतसायकः" आहे, म्हणजे ज्याचा बाण लक्ष्यापासून ढळला तो अपराद्धपृषत्क. पृषत्क म्हणजे बाण. माघ कवीनंही 'शिशुपालवध' या काव्यात नेम चुकलेल्या धनुर्धाऱ्याला 'अपराद्धेषु' म्हटलंय. ग्रीकात जे घडलं तेच आपल्याकडे घडलं: आधी बाण चुकला, मग माणूस. मी 'प्रमाद' मागे घेतो. अपराध.

जुनी पेटी
हे वाचून अंगावर काटा आला. अमरकोश लहानपणी पाठ केला होता, पण हे कधी लक्षात आलं नव्हतं. तरी आज 'अपराध' वाचल्यावर कुणाला बाण दिसेल? पोलीस ठाणं दिसेल. अपराधी म्हणजे जाणूनबुजून केलेला. ईडिपसला तर ठाऊकच नव्हतं.

काजवा
वसईहून लिहितेय. नव्या करारातही मूळ शब्द हमार्तियाच आहे, आणि मराठी बायबलमध्ये त्याचं 'पाप' होतं. आम्ही लहानपणापासून प्रार्थनेत ते म्हणत आलोय. धर्मगुरूंनी एकदा प्रवचनात सांगितलं होतं की हा शब्द बाण चुकण्याचा आहे, तेव्हापासून 'पाप' म्हणताना मला कमी भीती वाटते. नेम चुकला तर दुसरा बाण लावता येतो. ईडिपसला मात्र दुसरा बाण मिळत नाही.

ओसरी, तुमच्या दोन पानांसाठी एक सुचवते. लेयसला "दरोडेखोरांनी" मारलं की "दरोडेखोरानं", हे जपून लिहा. क्रेऑन अनेकवचनात सांगतो आणि ईडिपस उत्तर देताना एकवचन वापरतो. पुढे ईडिपस त्याच अनेकवचनाला धरून बसतो: मारणारे अनेक असतील तर तो मी नव्हे. जिवंत परतलेल्या एकुलत्या नोकराच्या जबानीवर सगळं टांगलेलं आहे. मराठीत नुसतं 'दरोडेखोर' लिहिलं तर वचन कळतच नाही, आणि वाचणाऱ्याच्या हातून ही दोरी सुटते.

ओसरी
काजवाताई, मनापासून धन्यवाद. मी "दरोडेखोरांचं कृत्य" लिहून मोकळी झाले होते, ते सगळीकडे तपासते. आणखी एक अडचण. ज्या जागी खून झाला तिथे देल्फीचा आणि दाउलियाचा रस्ता एकत्र येतात, म्हणजे तीन रस्ते. मी 'चौक' लिहिलंय, पण चौकात चार आले. काय लिहू?

दर्यावर्दी
तिठा! विचार काय करायचा त्यात. आमच्या सिंधुदुर्गात तीन रस्ते मिळाले की तिठा. मुंबई-गोवा रस्त्यावर नांदगाव तिठा आहे, एसटीतून जाणाऱ्या प्रत्येकाला माहीत. आणि तिठ्याला आमच्याकडे अर्थ आहे. उतारा तिथे टाकतात. तिन्हीसांजेला मुलांना तिठ्यावर थांबू देत नाहीत. जोकास्टाच्या तोंडून सहज "तीन रस्ते मिळतात तिथे" असं निघतं आणि ईडिपस दचकतो. 'तिठ्यावर' म्हटलं तर कोकणातला प्रेक्षक त्याच्याबरोबर दचकेल.

पंचगंगा
कोल्हापूरची बाजू मांडते. आमच्याकडे तिठा नाही, तिकटी. मिरजकर तिकटी, पापाची तिकटी. रोज रिक्षावाल्याला सांगतो, नावाकडे लक्षही जात नाही. काजवाताईंचं 'पाप' वाचलं आणि एकदम डोळ्यांसमोर ती पाटी आली. बापाला मारलं ती जागा, पापाची तिकटी!

माझ्या सासरी 'तिकटी' आणखी एका ठिकाणी ऐकला. प्रेतयात्रेत मुलगा पुढे विस्तवाचं मडकं घेऊन चालतो ना, ते धरायला तीन कामट्या बांधतात, तिलाही तिकटीच म्हणतात. सासरे गेले तेव्हा माझ्या नवऱ्याच्या हातात ती होती. बापाचा विस्तव मुलानं न्यायचा. ईडिपसनं बापाला तिकटीवर मारलं आणि त्याचा विस्तव त्यानं कधी नेला नाही, त्याला तर बाप माहीतही नव्हता. मी हे नाटक वाचलेलं नाही, पण आता वाचणार.

शुक्रतारा
पंचगंगाताई, फार भिडलं. पण 'तिकटी' ति+काठी असावी असं वाटतं, रस्ता त्यात नंतर आला.

दर्यावर्दी
आणि तिठा त्रिपथवरून.

मोडी
त्रिपथमधून 'ठ' येणार नाही. 'स्था'मधून येईल. त्रि+स्था. तीन वाटा जिथे उभ्या राहतात.

दर्यावर्दी
वाटा उभ्या राहत नाहीत, माणसं राहतात. आमच्याकडे तिठ्यावर एसटीची वाट बघत तासभर उभं राहायचं हे खरं, पण म्हणून व्युत्पत्ती तशी होत नाही.

मोडी
ठीक, तो मुद्दा सोडतो. पण नाव 'ईडिपस' का लिहिता सगळे? इंग्रजांचा उच्चार आहे तो. पु. ल. देशपांड्यांनी 'ओयदिपौस' लिहिलं ते मुळाला धरून. ओइदेइन म्हणजे सुजणं आणि पोउस म्हणजे पाय, आपल्या 'पाद'चा भाऊ. सुजलेल्या पायाचा. लहानपणी टोचलेले घोटे नावातच आहेत. आणि ग्रीक 'ओइदा' म्हणजे मला ठाऊक आहे, तो आपल्या 'वेद'चा सख्खा भाऊ. ज्याला सगळं ठाऊक आहे, फक्त आपला पाय कुणी टोचला ते ठाऊक नाही, असा माणूस. 'ईडिपस' लिहिलं की हे दोन्ही अर्थ ऐकू येत नाहीत.

ओसरी
पण मोठ्यानं वाचताना बाराजणांची जीभ दर ओळीला अडखळेल. पात्रांच्या यादीत 'ओयदिपौस' एकदा अर्थासकट लिहिते, पुढे ईडिपस.

आणि ते वाक्य. काल रात्री बाईंना तुमची सगळी चर्चा वाचून दाखवली. 'अपराध'चा बाण त्यांनी लिहून घेतला. 'चुकणं'ला त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत, मग म्हणाल्या, नाम ठेवूच नकोस, क्रियापद ठेव. सध्या असं आहे: "जे चुकवायला तो निघाला, त्याच्याच वाटेवर तो चुकला." मोडी, वजन कमी वाटत असेल तर सांगा, छापायला अजून आठ दिवस आहेत.

मोडी
'वाटेवर चुकला' याचा अर्थ रस्ता हरवला असा होतो. उद्या सविस्तर लिहितो.

पंचगंगा
नांदगाव तिठा म्हणजे कणकवलीच्या अलीकडे की पलीकडे? आम्ही गोव्याला जाताना त्याच रस्त्यानं जातो.

दर्यावर्दी
मुंबईहून येताना अलीकडे. तळेरे सोडलं की लगेच पुढे. तिथे उतरलात की कुणालाही 'तिकटी कुठाय' विचारून बघा, आणि काय सांगतात ते इथे लिहा.