रोपांनी कुंड्या मुळांनी भरल्यात, पण फ्रॉस्ट (रात्रीची गोठवणारी थंडी) अजून संपलेला नाही. टोमॅटो-मिरची बाहेर लावू का?

परसबाग_न्यूजर्सी (२२ एप्रिल)

मध्य न्यू जर्सीत राहतो. फेब्रुवारीच्या शेवटी घरात दिव्याखाली बी घातलं, ते आता लवकर घातलं असं दिसतंय. टोमॅटोची १२ रोपं साडेतीन इंची कुंड्यांत आहेत, उंची १२ ते १४ इंच. ज्वाला मिरचीची ८, वांग्याची ४ आणि कागदी पेल्यांत दुधीची ४. टोमॅटोची मुळं खालच्या भोकांतून बाहेर आली आहेत. सकाळी पाणी घातलं तरी संध्याकाळी मान टाकतात, खालची पानं पिवळी पडताहेत, दोन रोपांना कळ्याही आल्या.

पुढच्या दहा दिवसांचा रात्रीचा अंदाज ३६ ते ४५ फॅरनहाइट, त्यात दोन रात्री ३४. सगळं बाहेर लावून झाकू, की अजून थांबू? ८ इंची कुंडीतला कढीपत्ताही असाच दाटलाय.

वाफसा

सगळ्या रोपांना एकच उत्तर लागू होणार नाही.

मिरची आणि वांगी अजिबात बाहेर लावू नका. रात्री ५५च्या खाली जात राहिल्या तर मिरची मरत नाही, पण जागच्या जागी बसते, आणि अशी बसलेली मिरची जूनमध्येसुद्धा लवकर उठत नाही. मेच्या तिसऱ्या आठवड्यात लावलेली तिला मागे टाकते. मातीचं तापमान सकाळी ८ वाजता, ४ इंच खोल, स्वयंपाकघरातला खुपसायचा थर्मामीटर घालून बघा. टोमॅटोला निदान ६० हवं, मिरची-वांग्याला ६५.

थांबायचं म्हणजे आहे त्या कुंडीत ठेवायचं नाही. आजच एक माप मोठी कुंडी द्या, साडेतीनवरून ६ इंची. त्यानं तीन आठवडे मिळतात. मिरचीला एकदम १० इंची देऊ नका. मुळं पोचली नाहीत तिथलं मिश्रण ओलं राहतं आणि थंडीत मुळं कुजतात.

कुंडी बदलण्याआधी मुळांचा गठ्ठा पूर्ण भिजला पाहिजे. मिश्रणातलं पीट (कुजलेल्या शेवाळाचा भुगा) एकदा कोरडं पडलं की पाणी धरत नाही. वरून घातलेलं पाणी कुंडीच्या कडेनं खाली निघून जातं आणि आतला गाभा कोरडाच राहतो. संध्याकाळी मान टाकण्याचं एक कारण हेच असावं. बादलीत कोमट पाणी घेऊन कुंडी बुडेपर्यंत ठेवा, बुडबुडे थांबले की काढा. २० ते ३० मिनिटं लागतात. मग तासभर निथळू द्या, नाहीतर जड गठ्ठा हातात फुटतो.

पिवळी पानं नत्र संपल्याची खूण आहे. विरघळणारं खत लेबलवरच्या मात्रेच्या निम्मं, आठवड्यातून एकदा पुरे. कळ्या खुडा.

मातीतला_माणूस

मिरचीबद्दल वरच्या मताशी सहमत. टोमॅटोबाबत मात्र झाकायची तयारी असेल, तर सहा रोपं मेच्या पहिल्या आठवड्यात बाहेर आणि सहा मोठ्या कुंडीत, अशी वाटणी करा. आपल्या भागात शेवटचा फ्रॉस्ट बहुधा एप्रिलअखेर ते मेचा दुसरा आठवडा यांत येतो. लोक मदर्स डे (मेचा दुसरा रविवार) धरून चालतात ते त्यामुळेच. घर उत्तरेकडच्या डोंगराळ भागात किंवा खोलगट जागी असेल तर आणखी आठवडाभर धरा, कारण थंड हवा पाण्यासारखी उतारानं वाहते आणि खोलगटात साठते.

आता मुळं. बुडाशी गोल वेटोळं झालं असेल तर तसंच लावू नका. मुळं त्याच वर्तुळात फिरत राहतात, बाजूच्या मातीत शिरत नाहीत. टोमॅटोत बुडाचा अर्धा इंच चकतीसारखा कापून टाका आणि बाजूंनी वरून खाली तीन-चार चिरा द्या, पाव इंच खोल. धारदार सुरी वापरा, मुळं तोडून ओढू नका. वांगी-मिरचीला चिरा नकोत, बोटांनी बुडाचं वेटोळं सैल करा, बस्स. दुधीच्या मुळांना तर हातच लावू नका. वेलवर्गाला मुळं दुखावलेली सोसत नाहीत. पेला बाजूनं कापून सोलून काढा आणि गठ्ठा अखंड मातीत ठेवा, तेही मेच्या अखेरीस.

उंच झालेला टोमॅटो आडवा लावा, हे सगळ्यांत कामाचं. खोडावर जिथे माती लागेल तिथे नवी मुळं फुटतात. ४ ते ५ इंच खोल चर काढा, शेंड्याची दोन-तीन पानं सोडून बाकीची कापा, रोप चरात निजवा, शेंडा हलकेच वर वळवा. खोल खड्ड्यात उभं पुरलं तर बूड थंड मातीत जातं. एप्रिल-मेत वरचे ४ इंच आधी तापतात. आधाराची काठी त्याच वेळी रोवा, कुठल्या बाजूला खोड पुरलंय ते नंतर लक्षात राहत नाही.

लावल्यावर पहिले दहा दिवस पाणी खोडाच्या बुडाशीच घाला. बागेची माती ओली दिसते, पण कुंडीतून आलेला गठ्ठा आतून कोरडा पडलेला असतो आणि रोप पावसानंतरही मान टाकतं. बोट गठ्ठ्यातच खुपसून बघा.

उत्तरेचं_परस

अंदाजात ३६ दिसलं म्हणून निर्धास्त राहू नका. तो आकडा जमिनीपासून साधारण पाच-सहा फुटांवरच्या हवेचा असतो. आकाश निरभ्र, वारा पडलेला, अशा रात्री जमिनीलगतचं पान त्याहून ४-५ अंश थंड होतं, म्हणजे ३६ला पानावर बर्फ. ढग असतील तर ३५लाही बहुधा काही होत नाही.

त्या दिवशी दुपारी मातीला पाणी द्या, पानांवर नको. ओली माती दिवसा जास्त ऊब साठवते आणि रात्री सोडते. सूर्य मावळायच्या आत झाका, कारण झाकण अडवतं ती मातीतून वर येणारी ऊब. म्हणूनच कापड चारी बाजूंनी जमिनीला टेकलं पाहिजे. कडांवर विटा किंवा माती. खोडाभोवती गुंडाळून बांधलं तर ऊब बाहेरच राहते. बागकामाचं पातळ पांढरं कापड २-३ अंश वाचवतं, जाड असेल तर ४ ते ६. जुनी सुती साडी दुहेरी करून चालते, फक्त पावसानं भिजली तर जड होऊन रोप मोडते, म्हणून खाली काठ्यांचा मांडव हवा. प्लास्टिक पानाला टेकलं तर तेवढं पान करपतं. एक-दोन रोपांना दुधाचा गॅलनचा डबा बूड कापून पालथा घाला, दिवसा झाकण काढा. सकाळी पारा ४० ओलांडला की सगळं उघडा, उन्हात आत भाजून निघतं.

वारा सुटलेला आणि थंडी अशी रात्र असेल तर कापडाचा फारसा उपयोग नाही. म्हणून निम्मी रोपं कुंडीत ठेवायचा सल्ला बरोबर आहे, ती आत नेता येतात.

आणि थेट दिव्याखालून वाफ्यात नको. आठ-दहा दिवस हवेला सरावू द्या: पहिल्या दिवशी सावलीत तासभर, रोज तास-दीड तास वाढवा, चौथ्या दिवसापासून सकाळचं ऊन. ५०च्या खाली किंवा जोराचा वारा असेल तर आत. पानांवर पांढुरके कागदी डाग पडले तर तो रोग नाही, उन्हानं भाजलंय.

परसबाग_न्यूजर्सी

आज सगळं बुडवून कुंड्या बदलतो. दोन शंका. टोमॅटोची पानं खालून जांभळी दिसताहेत, खत कमी का? आणि कढीपत्ता?

वाफसा

जांभळेपणा थंड मुळांचा. गारठलेली मुळं स्फुरद (फॉस्फरस) उचलू शकत नाहीत, मातीत असलं तरी. खिडकीच्या गार फरशीवर कुंड्या असतील तर खाली लाकडी फळी घाला. जास्त खत टाकू नका.

कढीपत्ता आत्ता हलवू नका. नवे कोंब सुटले आणि रात्री ५५च्या वर टिकल्या, म्हणजे जूनच्या सुरुवातीला, ८ वरून १० इंचीत घाला. गठ्ठ्याच्या बाहेरचा अर्धा इंच थर सुरीनं तासा, जाड मुळं वाचवा. मिश्रणात तिसरा हिस्सा पर्लाइट (पांढरे, हलके खनिज दाणे). जमिनीत लावू नका, सप्टेंबरअखेर तो पुन्हा आत घ्यायचा आहे.

उत्तरेचं_परस

झाकूनही एखादं रोप सापडलंच, तर सकाळी पानं काळपट, उकडल्यासारखी दिसतील. लगेच छाटू नका. पाच-सहा दिवसांनी खोड नखानं खरवडा. हिरवं असेल तर त्याच्या वर कापा, टोमॅटो खालच्या पेरातून फुटतो. मिरचीचं खोड मऊ पडलं असेल तर उपटा आणि कुंडीतलं राखीव लावा.