स्टोइक विचार आणि मानसोपचार: साम्य कुठवर?

प्राचीन ग्रीस-रोममधला स्टोइक तत्त्वविचार म्हणजे भावना दाबून टाकणे, म्हणून मानसोपचारात त्याला स्थान नसावे, हा अनेकदा घेतला जाणारा आक्षेप मला पटत नाही. माणसाला घटना नव्हे, तर घटनांविषयीची त्याची मते अस्वस्थ करतात, हे स्टोइक तत्त्वज्ञ एपिक्टेटसचे प्रतिपादन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी १९५०च्या दशकात आपल्या विवेकनिष्ठ उपचारपद्धतीच्या पायाशी ठेवले. मानसोपचारतज्ज्ञ एरन बेक यांनीही १९७९ मध्ये आपल्या बोधात्मक (विचार तपासून बदलण्यावर भर देणाऱ्या) उपचारपद्धतीचे तात्त्विक मूळ स्टोइकांपर्यंत नेले. फरक आहे तो उद्दिष्टाचा. स्टोइकांना सद्गुण हवा होता आणि मनःशांती ही त्यामागून येणारी गोष्ट होती; उपचारकाला मात्र आधी समोरच्याचा त्रास कमी करायचा असतो. त्यामुळे छळ सोसणाऱ्या व्यक्तीला स्टोइक शिकवणीप्रमाणे ‘हे तुमच्या हाती नाही’ असे (तेही घाईघाईने) ऐकवण्यापूर्वी, तिच्या हाती नेमके काय आहे हे उपचारकाने तिच्यासोबत शोधायला हवे.