प्रश्नावली कुठली, हेही पाहायला हवं

हृदयावरच्या उपचारांनंतर घरी गेलेल्या रुग्णाला प्रश्नावली देऊन गुंतागुंत ओळखता येईल का, या चर्चेतलं "रुग्ण सांगतो ते व्यक्तिनिष्ठ, गुंतागुंत शोधायची तर इको (हृदयाची सोनोग्राफी) आणि रक्ततपासणीच हवी" हे वरचं मत मला अर्धंच पटलं. तपासणी लागतेच, पण ती कधी करायची हे बहुतेक वेळा तक्रारीवरूनच ठरतं. एट्रियल फिब्रिलेशनसाठी (हृदयाचे ठोके अनियमित पडण्याचा विकार) केलेल्या अ‍ॅब्लेशनचंच घ्या. त्यात ठोके बिघडवणारा हृदयातला भाग बहुतेकदा उष्णतेने निकामी करतात. क्वचित त्या उष्णतेने हृदयामागच्या अन्ननलिकेला इजा होते आणि हृदयाचा डावा वरचा कप्पा व अन्ननलिका यांच्यात छिद्र पडतं. हे साधारण दोन ते चार आठवड्यांनी कळतं, तेव्हा रुग्ण केव्हाच घरी गेलेला असतो. सुरुवात होते ती ताप, गिळताना किंवा छातीत दुखणं अशी. नुसत्या तापासाठी कोण हृदयाच्या डॉक्टरकडे जातं? आणि गिळताना दुखतं म्हणून कुणी एंडोस्कोपी (तोंडातून नळी घालून अन्ननलिका पाहण्याची तपासणी) केली, तर आत सोडलेली हवा रक्तातून मेंदूत जाऊन जिवावर बेतू शकतं. इथे आधी छातीचा सीटी स्कॅन हवा. म्हणून घरी गेलेल्या रुग्णाला ताप आणि गिळण्याबद्दल थेट विचारणं फार मोलाचं आहे.

मात्र त्यासाठी केसीसीक्यू (कॅन्सस सिटी कार्डिओमायोपथी क्वेश्चनेअर) वापरा, ही चर्चेतली सूचना मला चुकीची वाटते. ती हृदय-निकामीपणासाठी बनलेली प्रश्नावली आहे. मागच्या दोन आठवड्यांतली धाप, थकवा, सूज यावरून 0 ते 100 गुण देते. सुधारणा मोजायला उत्तम, पण तिच्यात तापाचा प्रश्नच नाही. शिवाय प्रश्नावली कुठलीही असो, रुग्णाकडून आलेलं उत्तर त्याच दिवशी वाचणारं माणूस नेमलेलं असायला हवं.